जुगाईची होडी वळसा का घेते

जुगाईच्या जत्रेला खाजणवाडीत आलात, की धक्क्यावर येऊन उभे राहा. देवीची पालखी होडीत बसते, पैलतीर समोरच दिसत असतो, आणि होडी सरळ जायचं सोडून भर खाडीत गिरकी घेते. पाहुणे म्हणतात, खलाशी प्यायलेत. प्यायलेले नसतात हो. त्याचं असं झालं म्हणे.

फार पूर्वी पालखी नेण्याचा मान हिरोजी खारव्याच्या घराचा. बाप मरताना म्हणाला होता, "माझी होडी तरंगते तोवर मान आपला. दुसऱ्या होडीत देवीला बसवायचं नाही." हिरोजीने जुगाईपुढे हात ठेवून शब्द दिला. आणि एका पावसाळ्यात त्या होडीच्या दोन्ही कुशी कुजल्या. जत्रा तोंडावर. पैलतीरचे लोक आपली नवीकोरी होडी रंगवून वाटच बघत होते.

हिरोजीचे जिवाभावाचे दोस्त दोन, लखमू आणि झिपरू. दोघांच्याही हातात कसब, पण जाळ्यावरून भांडलेले, बोलणं बंद. एकाला बोलवावं तर दुसरा रुसणार. हिरोजी गोंधळला आणि होडी दुरुस्त करायला दोघांनाही बोलावून बसला. लखमू सकाळी येऊन उजवी कूस बांधी, झिपरू उन्हं कलल्यावर डावी. लखमू समुद्रातल्या होड्या बांधणारा, त्याने फळ्या शेकून पोट फुगवलं. झिपरू खाडीतला, त्याने त्या चपट्या बसवल्या. दुसऱ्याच्या कामाकडे बघायचंसुद्धा नाही, अशी दोघांची आण!

"पाणी शिरलं तर त्याच्याच बाजूने शिरेल बघ," लखमू म्हणे. संध्याकाळी झिपरूही तेच म्हणे. हिरोजी दोघांपुढे मान डोलवी. त्याला ती होडी कधी बापाची वाटे, कधी भलत्याच कुणाची.

बायको सोमी म्हणाली, "अवो, होडी बांधताय की दोन सवतींचं घर?"

जत्रेला पालखी चढली. होडीत थेंब शिरला नाही. पण ती सरळ चालेचना! सुकाणू कितीही दाबा, आपली गोल फिरे. धक्क्यावरून सोमी ओरडली, "अवो, सरळ जा की!" लोक हसू लागले. हिरोजीला काही उमजेना. हात चुकतोय, की दोस्त चुकले, की देवीलाच आपण नकोसे झालो?

तेवढ्यात पैलतीरची होडी वाजतगाजत निघाली. "द्या पालखी इकडे!" म्हणत नाकासमोर आली आणि भर खाडीत खच्चकन रुतून कलंडली. त्या पावसाने तिथे वाळू आणून टाकली होती, वरून कुणाला दिसली नव्हती. ढोलकरी ढोलांसकट कमरेएवढ्या पाण्यात उभे. हिरोजीची होडी गिरकी घेत वाळूला वळसा घालून पैलतीराला लागली.

लोक म्हणाले, देवीने वळवली. लखमू म्हणाला, माझ्या कुशीने. झिपरू त्याला म्हणाला, "तुझ्या कसली, माझ्या!" असे ते दोघे पुन्हा बोलू लागले. कुणाच्या पाया पडावं ते हिरोजीला कळेना. मग तो तिघांच्याही पडला.

ती वाळू कधीच वाहून गेली. आताच्या होड्या सरळ चालतात, म्हणून खलाशी मुद्दाम एकाच बाजूची वल्ही मारतात. होडी तेव्हा डावीकडे वळली की उजवीकडे, यावर लखमूचे आणि झिपरूचे वंशज अजून भांडतात, म्हणून एक साल असं, एक साल तसं. आणि आजही हिरोजीच्या घरची थोरली सून धक्क्यावरून ओरडते, "अवो, सरळ जा की!" ती ओरडल्याशिवाय होडी वळत नाही, आणि तिचं ऐकतही कुणी नाही.