कापसाचा चंद्र

“...आरसा घासता येतो, दुर्बीण जुळवता येते, बोट ठेवाल त्या ताऱ्याचं नाव सांगता येतं. मग आणखी शिकायचं राहिलंय तरी काय, अप्पा?”

शार्दूलने हे विचारलं तेव्हा अप्पा दोडमिसे घुमटाच्या रुळाला वंगण लावत होते.

अप्पा म्हणजे साखर कारखान्यातले निवृत्त फिटर. टेकडीवरची ही लोकवेधशाळा गावानं वर्गणी काढून बांधली, पण दुर्बिणीचा आरसा अप्पांनी स्वतःच्या हातांनी घासलेला. शार्दूल विद्यापीठाचं सुवर्णपदक घेऊन त्यांच्याकडं शिकायला आला, त्याला दोन वर्षं होत आली होती. पोरगा हुशार होता, यात वाद नाही. त्याने जुळवलेल्या दुर्बिणीतून एकदा शनीची कडी पाहिल्यावर अप्पा डोळा काढायलाच तयार नव्हते.

“आज पहिलीची मुलं यायचीत,” अप्पा हात पुसत म्हणाले. “दुर्बीण आज तुझी.”

“आणि तुम्ही?”

“मी दाराशी बसतो. चपला सांभाळतो.”

अष्टमीचा चंद्र दिवस मावळायच्या आधीच डोक्यावर आला होता. शार्दूलने अर्धा तास खपून फोकस लावला. चाक केसभर पुढं, केसभर मागं... शेवटी चंद्रावरच्या विवरांच्या कडा ब्लेडनं कापल्यासारख्या दिसू लागल्या.

त्याने अप्पांना बोलावलं. अप्पांनी डोळा लावला.

“वा रे पठ्ठ्या!” ते म्हणाले, आणि पुन्हा एकदा पाहिलं.

मुलं टेकडी चढून आली ती ओरडतच. बरोबर वर्गाच्या बाई आणि चार-पाच मुलांच्या आया.

शार्दूलने रांग लावली. “एकेकानं शिडीवर चढायचं, इथं डोळा लावायचा, काय दिसतं ते सांगायचं. आणि या चाकाला हात लावायचा नाही. अजिबात नाही.”

पहिला मुलगा चढला आणि किंचाळला, “खड्डे!”

“पुरीला फोड आलेत,” दुसऱ्याने सांगितलं.

तिसरीनं नुसता डोळा लावला. ती खाली उतरली आणि घुमटाच्या फटीतून वर दिसणाऱ्या चंद्राकडं तोंड उघडं टाकून बघत राहिली.

ते खड्डे कसे झाले, केवढे मोठे दगड आकाशातून येऊन आदळले, हे शार्दूलने इतकं सुरेख सांगितलं की मागं उभ्या असलेल्या आयाही पुढं सरकल्या. दाराशी बसलेल्या अप्पांनी मान डोलावली.

मग जुई शिडीवर चढली. सहा वर्षांची, किडकिडीत. पायरी चाचपत चढली.

“काय दिसतंय?”

“कापूस.”

मुलं हसली.

“नीट बघ,” शार्दूल म्हणाला. “डोळा जवळ ने. आता?”

“कापूस.”

“अगं, खड्डे दिसत नाहीत? कडा?”

जुईने डोळा आणखी दाबून लावला.

तिची आई सुनंदा पुढं आली. तिचा चेहरा लाल झाला होता. “हिचं हे असंच असतं हो सर. लक्षच नसतं. चालताना दाराला धडकते, फळ्यावरचं लिहून घ्यायला सांगितलं की भलतंच लिहिते. बाईंची रोज तक्रार. जुई, नीट बघ! सगळ्यांना दिसतंय ना?”

जुईने एकदा आईकडं पाहिलं. एकदा रांगेकडं. पुन्हा डोळा लावला.

“दिसलं,” ती म्हणाली. “खड्डे दिसले.”

“शाबास!” शार्दूल म्हणाला. “चला, पुढचा.”

“थांब.”

अप्पा दारातून उठून आत आले होते. ते शिडीजवळ गुडघ्यांवर बसले.

“किती खड्डे दिसले, बाळ?”

जुईचा खालचा ओठ थरथरायला लागला...

अप्पांनी तिचा उजवा हात धरला आणि फोकसच्या चाकावर ठेवला. “फिरव.”

“अप्पा!” शार्दूल जवळजवळ ओरडलाच. “फोकस जाईल!”

“जाऊ दे.”

“अर्धा तास लागलाय मला...”

“ठाऊक आहे. फिरव, बाळ.”

जुईने चाक फिरवलं. “आणखी कापूस झाला.”

“मग उलटं फिरव. सावकाश. मी आहे.”

ती फिरवत राहिली. एक फेरा. दीड फेरा. मागं मुलं चुळबुळ करायला लागली. बाईंनी घड्याळ बघितलं.

चाक थांबलं.

जुई हलेना. शिडीचा दांडा तिने दुसऱ्या हातानं घट्ट धरला होता.

“काय झालं?” अप्पांनी हळूच विचारलं.

“याला... कड आहे.”

“हं.”

“चंद्राला कड असते?”

या वेळी कोणी हसलं नाही. जुईने मग बोट उंचावलं आणि डोळा न काढता एक, दोन, तीन असे खड्डे मोजायला लागली. अकरापर्यंत मोजले. तिला पुढचे आकडे येत होते, पण ती मध्येच थांबली आणि नुसतीच बघत राहिली. अप्पांनी कोणाला घाई करू दिली नाही.

ती उतरल्यावर शार्दूल चटकन पुढं झाला. त्याने पाहिलं. धुकं. डोळा ताणला तरी धुकंच. त्याचा हात चाकाकडं गेला.

अप्पांनी त्याचं मनगट धरलं.

“आधी यांना बघू दे,” ते म्हणाले आणि सुनंदाला खुणेनं बोलावलं. “ताई, या. तुमच्या लेकीनं लावलेला चंद्र बघा.”

सुनंदाने डोळा लावला. थोडा वेळ ती तशीच वाकून होती.

“मला तर... कापूस दिसतोय,” ती म्हणाली.

आणि तो शब्द तोंडातून निघाल्यावर ती हळूहळू ताठ झाली. तिने जुईकडं पाहिलं. जुई डोळे बारीक करून आईचा चेहरा शोधत होती.

“म्हणजे हिला एरवी...” सुनंदाने जुईच्या गालावर हात ठेवला. “काल फळ्यावरचं चुकीचं लिहिलं म्हणून फटका दिला मी हिला.”

“डोळ्यांच्या डॉक्टरकडं न्या,” अप्पा म्हणाले. “उद्याच न्या. लांबचं दिसत नाही पोरीला, एवढंच आहे. चष्मा लागेल, दिसायला लागेल.”

सुनंदाने जुईला उचलून कडेवर घेतलं. एवढी मोठी मुलगी, पाय लोंबत होते. तरी ती तिला खाली ठेवेना.

पुढं तीन आठवड्यांनी मायलेकी पुन्हा टेकडी चढून आल्या. जुईच्या नाकावर जाडजूड चष्मा होता. तिने अप्पांचं तोंड अगदी जवळून न्याहाळलं आणि जाहीर केलं, “आजोबा, तुमच्या कानात केस आहेत!” सुनंदा ओशाळली. अप्पा मात्र इतके हसले की त्यांना खोकला लागला.

पण ते नंतरचं.

त्या संध्याकाळी, अप्पांनी सांगितलं म्हणून, शार्दूलने उरलेल्या प्रत्येक मुलाचा हात चाकावर ठेवला. आधी बघून गेलेलीही पुन्हा रांगेत आली. वेळ फार लागला. कोणी चाक नखभर फिरवलं, कोणी बोटभर. प्रत्येक जण कुठंतरी एकदम थांबायचा आणि श्वास आत ओढायचा. तो श्वास शार्दूलला प्रत्येक वेळी ऐकू येत होता. अर्ध्या रांगेनंतर त्याने दगडांची गोष्ट सांगायचंही सोडून दिलं.

मुलं गेली. टेकडीखालून त्यांचा आवाज थोडा वेळ येत राहिला, मग तोही थांबला.

शार्दूल शिडीच्या खालच्या पायरीवर बसला.

“अप्पा, मी लावलेला फोकस चुकला होता का?”

“छे. तसा फोकस मलाही लावता येत नाही.”

“मग त्या पोरीनं लावला तो चुकीचा?”

“तोही अचूक होता.”

शार्दूलने फोकसच्या चाकाकडं पाहिलं.

“दोन्ही बरोबर कसे असतील, अप्पा? चंद्र तर एकच आहे.”

अप्पांनी दुर्बिणीच्या तोंडावर झाकण बसवलं. मग त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

“चंद्र एकच,” ते म्हणाले. “मुलं एकोणीस आली होती.”