मधला बुश मऊ होता

रस्त्यावर ट्रक मोजकेच दिसायचे, तेव्हाची ही गोष्ट. हैबती मिस्त्रीने एका ट्रकचं इंजिन खोललं, कॅमशाफ्टसाठी पाच नवे बुश, म्हणजे मऊ धातूची कडी, ठोकून बसवले आणि जुना शाफ्ट, तो लांब पोलादी दांडा, त्यांतून आत सरकवला. तो मधल्या बुशात अडकला. हाताने काही केल्या फिरेना.

"मिस्त्री, मी गोलच आहे," मधला बुश म्हणाला. "शाफ्ट वाकलाय. एकदा त्या सपाट काचेवर लोळवून बघा, डुगडुगला की लगेच कळेल."

शाफ्ट गुरकावला, "वीस वर्षं हे इंजिन मी चालवलंय. हा कालचा पोरगा मला शिकवणार?"

मिस्त्रीने कामाच्या टेबलावरच्या जाड काचेकडे पाहिलं. तिच्यावर चहाचे उष्टे ग्लास होते. ते कोण उचलत बसणार? त्याने धातू खरवडायचा स्क्रेपर हातात घेतला.

"खरं काय ते तुला तरी माहीत आहे ना?" बुशाने स्क्रेपरला विचारलं.

"आहे," तो खाली बघत म्हणाला. "पण शाफ्टला लागलो तर माझी धार जाईल. तू मऊ आहेस."

बुश खरवडला गेला. शाफ्ट दोन बोटांनी फिरू लागला आणि मिस्त्री खूश झाला.

ट्रक घाट चढताना मधल्या बुशाच्या रुंद फटीतून तेल वाहून गेलं. बाकीचे चौघे कोरडे पडून जळाले आणि इंजिन जाम झालं.

मिस्त्रीने ते पुन्हा खोललं, तेव्हा मधला बुश कागदासारखा पातळ झाला होता.

"बुशच कच्चे निघाले," मिस्त्री म्हणाला. त्याने नवे पाच मागवले, शाफ्ट मायेने पुसून ठेवला आणि चहा सांगितला. स्क्रेपर न सांगताच धारेच्या दगडाजवळ जाऊन बसला.