चौथ्या मजल्यावरची निळी चादर

एकदा एक मध्यमवयीन शिष्य आपल्या राहत्या घराचे कागद कापडी पिशवीत घालून वृद्ध गुरूंच्या दारात उभा राहिला. कागद बँकेत न्यायचे होते. जाता जाता त्यांवर गुरूंचा हात ठेवून घ्यावा, एवढीच त्याची इच्छा होती. सल्ला नको होता. सल्ला हवा असणारा माणूस सहसा कागद बरोबर आणत नाही.

हा शिष्य अकरा वर्षे दर गुरुवारी गुरूंचे प्रवचन ऐकत आला होता. विषय बहुधा संसाराची क्षणभंगुरता. गेल्या महिन्यापासून सभागृहाच्या पायऱ्यांवर एक व्यापारी पत्रके वाटू लागला होता. परराज्यातल्या एका वाढत्या शहरात तो घरे विकत असे. क्षणभंगुरतेवर दीड तास ऐकून बाहेर पडणाऱ्या माणसाला कायमच्या उत्पन्नाची ओढ सर्वांत अधिक असते, हे त्याने अचूक ओळखले होते. अध्यात्माचा एवढा अभ्यास आपल्यापैकी थोड्यांचाच असतो.

योजना सोपी होती. राहते घर गहाण ठेवून सुरुवातीची रक्कम उभी करायची आणि उरलेल्या रकमेसाठी त्या नव्या घरावरच कर्ज काढायचे. दोन्ही कर्जांचा मिळून हप्ता बावीस हजार. येणारे भाडे चोवीस हजार.

"भाडेकरू हप्ते फेडणार, साहेब. तुम्ही फक्त मालक व्हायचं," व्यापारी म्हणाला आणि त्याने मोबाइलवर इमारत दाखवली. गॅलऱ्यांमध्ये कपडे वाळत होते. "बघा, घरोघरी माणसं. आणि तुमच्या घराचं दार पूर्वेला."

पूर्वेचे दार पाहून शिष्याने पुढचे काही विचारले नाही. शनिवारपर्यंत इसार द्यायचा होता.

विचारले ते बायकोने. "तिथे भाडेकरू आलाच नाही तर आपलं हे घर जाईल. मग आपण त्या पूर्वेच्या दारात जाऊन बसायचं का?"

"तुला त्यातलं कळत नाही," शिष्य म्हणाला. त्यालाही कळत नव्हते, पण त्याने पत्रक वाचले होते.

गुरूंनी कागदांवर हात ठेवला नाही. सगळी हकिगत ऐकून ते म्हणाले, "मला ते घर दाखव. उद्याच्या गाडीची तिकिटं काढ. आणि मी येतोय हे त्या व्यापाऱ्याला सांगू नकोस."

शिष्य चपापला. ज्या माणसाने इतक्या वर्षांत शेजारचे गाव पाहिले नव्हते, त्याला एकाएकी परराज्य कशाला पाहायचे होते? आणि व्यापाऱ्याला का कळू द्यायचे नव्हते? व्यापाऱ्याने तर साधा चहा पाजून, खांद्यावर हात ठेवून सगळे मोकळेपणाने सांगितले होते.

प्रवासात संशय वाढतच गेला. कित्येक वर्षांत प्रथमच गुरूंनी गुरुवारचे प्रवचन रद्द केले होते. गाडीत त्यांनी ना नामस्मरण केले, ना उपदेश, विचारले एवढेच,

"कितवा मजला?"

"चौथा, गुरुजी."

"लिफ्ट आहे?"

"पत्रकात आहे."

"म्हणजे पत्रकात चालते," असे म्हणून गुरू खिडकीकडे वळले.

नफा ऐकला की भल्याभल्यांचे मन पालटते, असे शिष्य मनात म्हणाला. भल्याभल्यांत त्याने स्वतःला धरले नव्हते.

इमारत नव्या रुंद रस्त्यावर, रस्त्याइतकीच रिकामी उभी होती. समोर एक चहाची टपरी. गुरूंनी अंगावरची शाल काढली, घडी घालून शिष्याच्या हाती दिली आणि म्हणाले, "तू इथे बस. मी परत येईपर्यंत मला ओळखू नकोस."

मग ते तळमजल्यावरच्या व्यापाऱ्याच्या कचेरीत शिरले. काचेतून शिष्याला सगळे दिसत होते. व्यापाऱ्याच्या तिथल्या माणसाने खुर्ची दिली, पाणी दिले, चहा मागवला. गुरू काहीतरी बोलले आणि चक्क हसले. अकरा वर्षांत त्यांचे दात शिष्याला दिसले नव्हते. मग त्या माणसाने भिंतीवरच्या फळीवरून एक किल्ली काढली आणि दोघे जिन्याकडे निघाले.

अखेर वैराग्यालाही पूर्वेचे दार हवेच होते तर! शिष्याने अर्धा चहा तसाच टाकला, शाल काखेत मारली आणि त्यांच्यामागे गेला. लिफ्टच्या दारावर 'लवकरच सुरू' असा फलक होता. त्यावरची धूळ मात्र लवकरची नव्हती. धापा टाकीत तो चौथ्या मजल्याच्या अलीकडच्या वळणावर थांबला. वरून आवाज येत होते. दोघेही मोडक्या हिंदीत बोलत होते, त्यामुळे शिष्याला सगळे नीट कळले.

"राहायला दिलंत तर भाडं किती?" गुरू विचारत होते.

"बारा हजार, बाबाजी."

शिष्याने जिन्याचा कठडा धरला.

"बारा? मी एकटा म्हातारा."

"मग दहा द्या. तुमच्याकडे बघून सांगतोय."

"पाण्याचं काय?"

"टँकर येतो, दिवसाआड. कधी दोन दिवसांआड. पण माणसंच कमी, त्यामुळे पुरतं."

"शेजारी कोण आहे?"

"शेजार नाही. तुमच्या वयाला शांतता बरी."

"मग गॅलऱ्यांमध्ये हे कपडे कुणाचे?"

तो माणूस मोकळेपणाने हसला. राहायला येणाऱ्यापाशी लपवण्यासारखे त्याच्याकडे काही नव्हते. "ते इमारतीचेच आहेत, बाबाजी. विकत घेणाऱ्यांना फोटो पाठवावे लागतात ना. पावसाळ्यात आत काढून ठेवतो."

"बरं. घर बघितलं. निघतो आता."

"असं कसं निघता? आठ द्या! पहिले दोन महिने काहीच देऊ नका. फक्त संध्याकाळी दिवा लावत जा. इमारत जिवंत दिसते."

गुरू जिना उतरू लागले. वळणावर शिष्याला पाहून त्यांना नवल वाटले नाही. त्यांनी त्याच्या काखेतली शाल ओढून घेतली आणि दोघे पुन्हा टपरीवर येऊन बसले.

"गुरुजी, त्याने मला फसवलं," शिष्य म्हणाला.

"तेवढंच समजून घरी गेलास, तर पुढच्या वर्षी दुसरा फसवील," गुरू म्हणाले. "नीट बघ. घर एकच, त्याची भाडी दोन. विकत घेणाऱ्याला भाडं नुसतं सांगायचं असतं, म्हणून ते चोवीस. राहणाऱ्याकडून ते दर महिन्याला घ्यायचं असतं, म्हणून आठ, आणि तेही दोन महिन्यांनी. कर्ज तुझ्या नावावर असेल, पण ते फेडणार तो राहणारा. ज्याच्या भरवशावर तू बायकोच्या डोक्यावरचं छप्पर गहाण ठेवायला निघालास, त्या माणसाची तू एकदाही चौकशी केली नाहीस. दूरचं घर घेण्यात पाप नाही, अरे. पण आधी तिथला भाडेकरू हो. मालक मागाहून होता येतं."

इतक्यात शिष्याचा मोबाइल वाजला. व्यापारी होता. "साहेब, इसाराचं काय करताय? दोन गिऱ्हाईकं समोर बसली आहेत. तुमच्यासाठी थांबवून ठेवलंय."

शिष्याने वर पाहिले. चौथ्या मजल्यावरच्या दोरीवर एक निळी चादर होती. वारा चांगला सुटला होता, पण ती हलत नव्हती; धुळीने ती पुठ्ठ्यासारखी झाली होती.

"त्यांना अडवू नका," तो म्हणाला. "दार पूर्वेचं आहे."

फोन ठेवून तो खाली मान घालून बसला. "गुरुजी, मी तुमच्यामागे जिन्यात का आलो, ठाऊक आहे? मला वाटलं, ते घर तुम्ही स्वतःसाठीच..."

"ठाऊक आहे. गाडीत बसल्यापासून तू माझ्यावर नजर ठेवून होतास," गुरू म्हणाले. "संशय उत्तम होता. फक्त पत्ता चुकला होता."

घरी परतल्यावर बायकोने दार उघडले. पिशवी हातात घेऊन तिने आतले कागद चाचपले, ते कपाटात नेऊन ठेवले आणि चहा टाकला.

दीड वर्षानंतर शिष्य परराज्यातल्या दुसऱ्याच एका गावी उतरला. तिथे एक जुना कारखाना होता, गल्ल्या अरुंद होत्या आणि दारे चारी दिशांना होती. पत्रक कुणी वाटत नव्हते. तो साधा सदरा घालून खोली शोधत फिरू लागला. पहिल्या घरी सांगितले, जागा नाही. दुसऱ्या घरी सांगितले, दिवाळीनंतर बघू. तिसऱ्या घरच्या म्हातारबाईने अर्धेच दार उघडले. "सकाळपासून तू चौथा. आणखी कितीजण येणार आहात विचारायला?" असे म्हणून तिने दार त्याच्या तोंडावर लावले.

शिष्य गल्लीच्या टोकापर्यंत चालत गेला. तिथे उभा राहून, कितीतरी दिवसांनी, तो समाधानाने हसला. मग या गल्लीत एखादे घर विकायचे आहे का, हे विचारण्यासाठी तो त्याच दाराकडे परत वळला.