मुंगीच्या रूपातला कोळी

एका जंगलातल्या आंब्याच्या ढोलीत एका खारीने तीन पिल्लांसह घर केले होते. एके सकाळी ती रोजच्यासारखी कोय कुरतडत बसली होती. इतक्यात सुतारपक्षी येऊन म्हणाला, "खारूताई, शेजारच्या जांभळावर तांबड्या मुंग्यांनी पानं शिवून घर केलंय. पोरांना जप." दुसऱ्याच दिवशी मुंग्यांनी एकमेकींची कंबर धरून जांभळापासून आंब्यापर्यंत साखळी जोडली आणि तिच्यावरून येऊन एका पिल्लाचा कान कुरतडला.

उपाय सुतारपक्ष्यानेच सांगितला. खाली कुड्याच्या झुडपात एक कोळी राहत होता. मुलांनो, तो दिसायला हुबेहूब तांबडी मुंगी! तो खारीला म्हणाला, "मला रोज सकाळी पाठीवर घेऊन जांभळावर मुंग्यांची साखळी सुटते त्या फांदीवर सोड. मी साखळीत शिरून पुढचीची कंबर धरतो. माझी कंबर मात्र गुळगुळीत आहे, मागचीची पकड बसत नाही. साखळी तिथेच खुंटते. पण जांभळातल्या राणीपर्यंत मी पोहोचू शकत नाही. ती अंडी घालतच राहणार. तेव्हा एकही सकाळ चुकवू नकोस."

तसेच झाले. मुंग्या रोज आपलीच समजून कोळ्याला साखळीत घेत आणि साखळी अर्ध्यावर लोंबकळत राही. पंधरवडा उलटला. आंब्यावर एकही मुंगी फिरकली नाही. पिल्लाचा कान भरून आला. वरच्या फांदीवरून कावळा हसला, "काय गं खारे, अजून त्या आठपायाची पालखी वाहतेस? संपल्या की मुंग्या!" खारीला ते पटले. "पिल्लं तर धडधाकट आहेत," असे म्हणून दुसऱ्या सकाळी ती सरळ दूरच्या शेंगांकडे निघून गेली.

ती परतली तेव्हा साखळी पुरी झाली होती आणि ढोली मुंग्यांनी तांबडी झाली होती. दोन पिल्ले तिने तोंडात धरून बाहेर काढली. कान भरून आलेल्या तिसऱ्यासाठी ती पुन्हा आत गेली, तेव्हा ते हलत नव्हते. कोळी उजाडल्यापासून कुड्याच्या पानावर तयार बसून होता. त्या सकाळी त्याला न्यायला कुणी गेले नव्हते.

तात्पर्य : हिपॅटायटिस बीचे औषधही असाच खोटा दुवा होऊन विषाणूच्या डीएनएची नवी साखळी अर्ध्यावर तोडते, पण विषाणूचे मूळ यकृताच्या पेशीत दडून राहते, म्हणून कितीही बरे वाटले तरी डॉक्टरांना विचारल्यावाचून रोजची गोळी थांबवू नये.