कासवाच्या पाठीचं बूच

डोंगराच्या पायथ्याशी, झऱ्याच्या एकाच पाटावर तीन शेजाऱ्यांची शेती होती, बाळांनो. सगळ्यात वर साळिंदराची रताळी, मधे सशाची गाजरं आणि पार शेवटी कासवाचा कलिंगडाचा वेल. आपला वाफा भिजला की त्याचं तोंड मातीने बुजवायचं आणि खालच्याला हाक मारायची, "सोडलं हो पाणी!" अशी तिथली रीत.

एका उन्हाळ्यात पाट एकदम रोडावला. "हा ससा माझ्या वाफ्याचं तोंड गुपचूप बुजवतो," असं साळिंदराने मनात धरलं. "साळिंदरच पाणी अडवून बसलंय," असं सशाने धरलं. झालं! दोघेही आपापल्या वाफ्यावर डोळे वटारून बसले, ते जागचे हलेनात. कासवाला तर थेंबही मिळेना. त्याचं एकुलतं एक कलिंगड लिंबाएवढंच राहिलं, वेल मान टाकू लागला. बिचाऱ्याला रडूच आलं.

शेवटी कासव पाटाच्या कडेकडेने वर निघालं. "निघाली स्वारी पाणी चोरायला!" दोघे हसले. पण झऱ्याजवळ बघतं तर काय, खेकड्याने बांध पोखरलेला आणि पाणी खळखळ नाल्यात चाललेलं! कासवाने सरळ त्या भोकाला आपली पाठ लावली आणि ओरडलं, "अरे, माती आणा! गारठलो मी!"

"मी आलो तर हा माझं पाणी पळवेल!" दोघे एकदमच म्हणाले.

"अरे शहाण्यांनो, माझा वेल तुमच्याच भरवशावर टाकून आलोय ना? एक पान तरी कुणी कुरतडलंत का?"

ससा ओशाळला. "साळिंदरदादा, माझा वाफा सांभाळ हं," म्हणत तो माती घेऊन पळाला. आता दोन्ही वाफे साळिंदराच्या हाती, आणि बघायला कुणी नाही! वर भोक बुजलं आणि पाटाला पाणी चढलं. साळिंदराने आपली रताळी भिजवली, तोंड बुजवलं. मग सशाची गाजरं भिजवली, तेही तोंड बुजवलं आणि घसा ताणून हाक दिली, "सोडलं हो पाणी!"

किती दिवसांनी ऐकली ती हाक! चिखलात बसलेलं कासव आनंदाने पाय झाडू लागलं.

तेव्हापासून तिथे प्रत्येक जण शेजाऱ्याचा वाफा भिजवतो. पुढे कलिंगड पिकलं, तेव्हा खेकडाही फोड मागायला आला. काय म्हणावं मेल्याला! पण दिली हो त्यालाही.

तात्पर्य : शेजाऱ्यावर पहारा ठेवून कुणाचंच शेत भिजत नाही, त्याच्यावर विश्वास टाकला, तर पाणी शेवटच्या वाफ्यापर्यंत पोचतं.