हौसाक्काचा गाळा

काही केल्या हौसाक्कावर कुणी विश्वास ठेवेना. तांबड्या मातीच्या जुन्या मैदानाकडेला आधी तिच्या आईचं आणि मग तिचं फुटाण्याचं दुकान होतं. आता तिथं फुटबॉलचं स्टेडियम उठलं, तसे कमिटीचे अध्यक्ष जयसिंगराव म्हणाले, "इथं दुकान कधी नव्हतंच. गाळा मिळणार नाही."

भर सभेत हौसाक्का कडाडली, "मग लहानपणी बॉल मारून आमची लिमलेटची बरणी कुठं फोडलीसा?"

सभा हसली. जयसिंगरावांच्या डोळ्यांपुढं ती संध्याकाळ उभी राहिली अन् त्यांचं भानच सुटलं. "खोटं! मी गोलात उभा होतो, अक्का! तुझ्या आईनं उगाच मला बदडलं. दुकानात बॉल घातला तो खराड्यांच्या दत्त्यानं!"