मार्तंड मास्तरांनी वर्ग गप्प केला

एका खेड्यातल्या शाळेत एक भोळे मास्तर आले. नाव मार्तंड. कोणी "जरा थांबा" म्हणालं, तर "चला" म्हणेपर्यंत थांबायचे.

त्यांच्याकडे तिसरीचा वर्ग होता. पोरं चाळीस. मास्तर "सात..." म्हणाले की चाळीस उत्तरं यायची. प्रश्न अजून अर्धाच असायचा.

हेडमास्तर म्हणाले, "मास्तर, शनिवारी साहेब तपासणीला येतायत. वर्ग ताब्यात दिसला तर तुम्ही कायम. नाहीतर सामान बांधा."

सामान बहुतेक त्यांच्या बायकोचं, वेणूचंच होतं. लग्नाला दोन महिने झाले होते, आणि तिनं कालच सगळे डबे फडताळात लावले होते. तिचे वडीलही मास्तर. ती म्हणाली, "अहो, सोपं आहे. जो मध्येच बोलेल त्याच्याजवळ जायचं आणि नुसतं उभं राहायचं. आपोआप गप्प होतो."

बुधवारी वर्गात शेळी शिरली. शिरली तीच ओरडत. मास्तर तिच्याजवळ जाऊन नुसते उभे राहिले.

"गुरुजी, शेळी हजेरीपट खातेय," पोरं म्हणाली.

मास्तर हलले नाहीत. अख्खी तिसरी शेळीच्या तोंडात गेली. मग तिला ओरडता येईना.

घरी येऊन म्हणाले, "अगं, उपाय लागू पडला. गप्प झाली."

वेणू भाजी चिरायची थांबली. "अहो, ती शेळी. तिला दाराबाहेर काढायचं आणि कडी लावायची."

"मध्येच ओरडली की?"

"ओरडली की."

गुरुवारी मास्तरांनी विचारलं, "पाच साते?"

"पस्तीस," मागून दिगंबर ओरडला. मास्तरांनी त्याला दाराबाहेर काढलं आणि कडी लावली.

"गुरुजी, त्याचं बरोबर होतं की," शेवंता म्हणाली. शेवंताही बाहेर. मग तिची बाजू घेणारे बाहेर. मग त्यांना हसणारे.

दुपारी हेडमास्तरांनी खिडकीतून डोकावलं. "मास्तर, काय चाललंय?"

"पाचाचा पाढा, सर. तासभर कोणी मध्ये बोललेलं नाही."

"पोरं कुठायत?"

"आंब्यावर."

संध्याकाळी वेणू आधी पाणी प्यायली. मग म्हणाली, "पोरं आतच ठेवायची हो. ज्याला बोलायचंय त्यानं हात वर करायचा. हात वर न करता दिलेलं उत्तर धरायचं नाही."

"बरोबर असलं तरी?"

"तरी."

"आणि मोठ्यांनी?"

वेणू दमली होती. "सगळ्यांनी," ती म्हणाली.

शुक्रवारी दिवसभर सराव झाला. पोरांना हा खेळ आवडला.

शनिवारी साहेब आले. त्यांनी प्रश्न विचारला की हात वर जायचे. एकही आवाज नाही. हेडमास्तरांना तर आपण दुसऱ्याच शाळेत आलो की काय असं वाटलं. साहेबांनी खुशीत वही उघडली, टोपण काढलं आणि सहज विचारलं, "काय रे पोरांनो, हे मास्तर हवेत ना तुम्हाला?"

"हवेत," चाळीस पोरं एकदम ओरडली. कौलांवरची कबुतरं उडाली.

साहेब लिहायला वाकले. मास्तरांनी वहीवर हात ठेवला.

"साहेब, हे उत्तर धरता येत नाही."

"का?"

"हात वर न करता दिलंय."

हेडमास्तर खोकले. पण साहेब गमतीत होते. "बरं. मग उलटं विचारतो. ज्यांना मास्तर नकोत, त्यांनी हात वर करा."

पोरांनी हात मांडीखाली दाबून धरले. साहेबांनी मान वळवून सगळीकडे बघितलं. फळ्याजवळ एकच हात वर होता. मार्तंड मास्तरांचा.

"तुम्हाला तुम्हीच नको आहात?"

"तसं नाही, साहेब. मला बोलायचंय."

"काय बोलायचंय?"

"हेच, की बघा, पोरांना कशी शिस्त लागलीय."

साहेबांनी पेन सरळ धरलं. मग वहीत लिहिलं: हवेत, शून्य. नकोत, एक.

मास्तरांनी वाकून ते दोनदा वाचलं. समाधानानं मान हलवली.

म्हणाले, "बरोबर मोजलंत, साहेब."